ज्वालामुखी उतरताना

पप्पांच्या प्रत्येक पत्रकात एक ज्वालामुखी असायचा. गिरणीची जमीन विकायला काढली तेव्हा कामगारांच्या असंतोषाचा ज्वालामुखी, चाळीचं पाणी तोडलं तेव्हा भाडेकरूंच्या सहनशीलतेचा ज्वालामुखी, पालिकेची शाळा बंद करायला निघाले तेव्हाही तोच. परळच्या आमच्या खोलीत खाटेखाली पत्रकांचे गठ्ठे असत. मी अक्षरं ओळखायला शिकले ती त्या गुलाबी-पिवळ्या कागदांवर. शाळेत 'माझी आई' हा निबंध लिहायला सांगितला, तर मी शेवटी लिहिलं होतं, 'आईच्या संयमाचा अंत पाहू नका.'

नोकरी लागल्यावर एकदा जेवताना मी विचारलं, "पप्पा, खरा ज्वालामुखी बघितलाय कधी?"

"टीव्हीवर."

"जाऊया?"

ते दुसऱ्या दिवशी पासपोर्टच्या फोटोसाठी दाढी करून तयार होते.

आई मात्र यायला तयार नव्हती. "तुमच्या तत्त्वांबरोबर एक डोंगर चढले मी," ती म्हणाली. "बास झालं."

तो डोंगर माथेरानचा. माझे आजोबा माझगावच्या गोदीतून हातगाडी ओढायचे. खांद्याला पट्टा, पोटात चहा. ते गेले तेव्हा पप्पांनी शपथ घेतली, की माणूस ओढतोय अशा गाडीत आपण बसायचं नाही आणि घरच्यांनाही बसू द्यायचं नाही. मी लहान असताना आम्ही माथेरानला गेलो, तेव्हा आईचा पाय मुरगळलेला होता. हातरिक्षावाले मागे मागे येत होते. पप्पांनी तिला बसू दिलं नाही. ती बाजारपेठेपर्यंत लंगडत चालली आणि मी पप्पांच्या खांद्यावर बसून हातरिक्षांविरुद्धची पत्रकं वाटत होते. मला त्या दिवसाचा फार अभिमान होता. कॉलेजच्या भाषणांतही मी तो सांगितला आहे.

तर जावा बेटावरच्या त्या राष्ट्रीय उद्यानात आम्ही दोघंच पोचलो. फाटकावर मोठी पाटी होती. ज्यांना दम्याचा, हृदयाचा त्रास आहे त्यांनी वर जाऊ नये. पप्पांनी आयुष्यातली उमेदीची वर्षं गिरणीच्या सूत कातायच्या रिंग खात्यात काढलीत. कापसाची तूस त्यांच्या छातीत अजून आहे, थंडीत ती खोकल्यातून ऐकू येते. मी पाटीकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

"डॉक्टर हळू चाला म्हणालाय," ते म्हणाले. "चालू नका नाही म्हणाला. चल."

आम्ही गंधकाच्या धुरासाठी मुखवटे भाड्याने घेतले आणि वाटाड्याबरोबर निघालो. वाट जंगलातून चढत होती, पायाखाली राखेची भुसभुशीत माती. पहिल्याच वळणावर मागे चाकांचा आवाज आला. दोन चाकांची गाडी, पुढे दोर, मागे दांडा, आत पातळशी गादी. ती ओढणारे तिघे जण आमच्यामागे रिकामी गाडी घेऊन चढत होते. कोण थकतो याची वाट बघत.

"टॅक्सी, पापा! टॅक्सी!" त्यांच्यातला एक हसत ओरडला. त्याला आमच्या घरातला शब्द कसा कळला कोण जाणे.

पप्पांनी हात जोडले आणि मान हलवली. ते थांबले की गाडीही थांबायची. ते निघाले की चाकं पुन्हा वाजायची. मी सारखी मागे वळून बघत होते. ती माणसं वाईट नव्हती. वाटाड्या सांगत होता, की यातले बरेच जण आधी विवरातून गंधक काढून खांद्यावर वाहायचे, त्यापेक्षा हे बरं. मला ते 'बरं' ऐकवत नव्हतं. इतक्यात वरून एक जण आलाच, कावडीत पिवळीधमक ढेकळं घेऊन. पप्पा वाटेच्या कडेला सरकले आणि तो पुढे जाईपर्यंत ताठ उभे राहिले. असे ते फक्त जयंतीला झेंड्यासमोर उभे राहतात.

माथ्यावर पोचलो. खाली हिरवट निळं तळं, त्याच्या काठावरून धूर उठत होता. पप्पा बराच वेळ बघत राहिले.

"आवाज नाही गं ह्याला," ते म्हणाले. "आम्ही लिहायचो, फुटणार, फुटणार. हा नुसता धुमसतोय."

"कधी फुटेल सांगता येत नाही म्हणतात."

"मग आमच्यासारखाच."

आम्ही हसलो. तेवढ्यात वारा फिरला. धूर सरळ आमच्यावर आला, मुखवट्यातूनही घशात काडेपेटी पेटल्यासारखं झालं. रखवालदारांनी शिट्ट्या वाजवून सगळ्यांना खाली हाकललं. थोडं उतरल्यावर पप्पा एका दगडावर बसले. श्वास आत जाताना शिटी वाजत होती. मुखवटा सारून, पंप तोंडात धरून त्यांनी दोनदा दाबला. काही फरक पडला नाही. ओठांचा रंग बदलायला लागला होता. धूर वरून वाटेवर उतरत होता.

चाकं वाजली आणि थांबली. या वेळी कोणी टॅक्सी म्हणालं नाही.

"पप्पा, बसा."

त्यांनी मान हलवली.

"माथेरानला मी तुमच्या खांद्यावर होते की नाही?"

"मला..." त्यांना दम घ्यावा लागला. "मला कोणी भाडं दिलं नव्हतं, बाय."

"मग मरा इथे! आणि पत्रक मी काढू?"

असं मी त्यांच्याशी कधीच बोलले नव्हते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्या माणसांना खूण केली. दोघांनी त्यांना काखेत धरून उचललं आणि गादीवर ठेवलं. त्यांनी विरोध केला नाही. विरोध करण्याइतका श्वासच नव्हता, आणि हे मला माहीत होतं.

उतारावर त्यांनी गाडी उलटी फिरवली; दोघे मागून दोर ताणून ती आवरत होते, एक पुढे दांडा धरून. त्यांच्या टाचा राखेत घसरत होत्या. मी मागचा दोर धरायला गेले तर त्यांनी मला हसून बाजूला केलं. मी मध्ये आले असते तर गाडी सुटली असती. म्हणून मी नुसती शेजारून धावत राहिले. पप्पांनी डोळे मिटून घेतले होते. एका वळणावर ते काहीतरी पुटपुटले. मी कान जवळ नेला. "हळू सांग त्यांना," ते म्हणत होते. "पाय जपा म्हणावं."

खाली प्राणवायूची नळी लावल्यावर तासाभरात त्यांचा रंग परत आला. ते उठले, तिघांचेही हात हातात घेतले. माझ्याशी मात्र विमानातही बोलले नाहीत.

घरी आल्यावर चाळीतले दोघं-तिघं जमले. त्यातले पप्पांचे गिरणीतले एक जुने मित्र म्हणाले, "काय रे, ह्या वयात ज्वालामुखी चढलास? छाती आहे तुझी!"

"चढले ना पप्पा," मी पटकन म्हणाले. ते खोटं नव्हतं. तेवढ्यावर विषय संपला असता.

"उतरताना गाडीत बसलो," पप्पा म्हणाले. "माणसं ओढत होती. तिघं."

मित्रांनी चहाचा कप खाली ठेवला. पप्पा त्यांच्याकडे बघत नव्हते. ते ओट्याकडे बघत होते, आईच्या पाठीकडे.

आईचा हात थांबला. मग तिने गॅस बारीक केला.

"गादी होती काय त्यात?" तिने वळून न बघता विचारलं.

"होती. पातळ."

"मग ठीक."

माणसाने माणसाला ओढू नये, हे मी आजही म्हणते, उद्याही लिहीन. आणि पप्पा पुन्हा त्या दगडावर बसले तर मी पुन्हा त्या गाडीवाल्यांना खूण करीन. माथेरानची गोष्ट मात्र मी आता भाषणात सांगत नाही. ती आईची आहे, आणि तिने ती अजून कोणाला सांगितलेली नाही.