फोल्डरची मालक : वर्षा

मी कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यातला माणूस. मशीन बिघडलं की त्याला कारण असतं, आणि कारण सापडलं की ते सुधारतं... एवढंच मला माहीत. भूत, भानामती असल्या गोष्टी कोणी सांगायला लागलं की मी सरळ उठून जायचो. म्हणून पुढचं लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय.

पंधराएक वर्षं झाली असतील. जळगाव जामोदला बसस्टँडच्या रस्त्यावर माझं दुकान होतं. घरी वडील भाजीपाला लावायचे, मी कॉम्प्युटर दुरुस्त करायचो, आणि धाकटी बहीण वर्षा घरच्या कॉम्प्युटरवर एक ऑनलाइन गेम खेळायची. चांगली खेळायची हो! तीस-चाळीस जणांची टीम होती तिची, बहुतेक पोरंच, आणि लीडर ही. टीममध्ये शेजारचा नीलेश होता. तेवीस-चोवीसचा, तिला ताई म्हणायचा. गेम त्यानंच आमच्याकडे टाकून दिला होता, गेममधलं तिचं खातंही त्यानंच उघडून दिलेलं.

वर्षाचं लग्न पिंपळगाव राजाला ठरलं होतं. साखरपुडा झाला. मुलाचा चुलतभाऊही तोच गेम खेळायचा. एक दिवस वर्षाच्या नावानं त्याला आणि टीममधल्या सगळ्यांना घाणेरडे मेसेज गेले. इथे लिहिता येणार नाहीत असे. तिच्या खात्याचा पासवर्डही कोणीतरी बदललेला. वर्षा रडून सांगत होती, "म्या नाही लिव्हलं." तिकडून फोनवरच लग्न मोडलं. वडिलांनी कॉम्प्युटरच्या वायरी ओढून तो माळ्यावर टाकला. आणि मी... मी तिला एकदा विचारलं, "खरंच तू नाही ना?"

त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. संग्रामपूरला मावशीकडे निघून गेली.

पाच-सहा महिन्यांनी एका सकाळी नीलेश त्याचा सीपीयू घेऊन दुकानात आला.

"भाऊ, गेम कनेक्टच नाही होऊन राह्यला. अपडेट अर्ध्यावर येते अन् ॲक्सेस डिनाइड म्हन्ते."

नेहमीची भानगड. गेमला स्वतःच्या फोल्डरमध्ये नव्या फाइली लिहायची परवानगी नसली की अपडेट अडकतं, आणि अपडेट झाल्याशिवाय सर्व्हर आत घेत नाही. फोल्डरचा मालक बदलायचा, परवानगी द्यायची — दहा मिनिटांचं काम. मी फोल्डरवर राइट क्लिक करून मालकाचं नाव बघितलं.

Varsha.

"हे वर्षा कोन बे?" बहिणीच्याच नावाची त्याची कोणी मैत्रीण असेल असं वाटून मी हसतच विचारलं. नीलेशचा चेहरा पांढराफटक पडला.

"मले काय माहीत... तुमच्याच कोन्या सीडीतून आलं असंन," म्हणाला आणि संध्याकाळी येतो सांगून घाईनं गेला.

माझं हसू तिथंच थांबलं. कारण सीडीतून असं नाव येत नाही. मालक म्हणून नाव दिसायचं तर त्या नावाचं खातं मशीनवर असावं लागतं. खातं नंतर पुसलेलं असलं तर नावाच्या जागी नुसता लांबलचक नंबर दिसतो. खात्यांच्या यादीत फक्त नीलेश होता.

मी मालक बदलून नीलेश केला. ओके. पुन्हा उघडलं — Varsha. फोल्डर डिलीट करायला गेलो, होईना. मग माझ्याकडच्या सीडीवरून तोच गेम दुसऱ्या ड्राइव्हमध्ये नव्यानं टाकला. त्याचाही मालक, Varsha. भर दुपार होती, रस्त्यावर एस्ट्यांचे हॉर्न चालू होते, आणि मी तेच नाव पुन्हा पुन्हा उघडून बघत होतो...

शेवटी काय सुचलं कोण जाणे — मी त्या मशीनवर Varsha नावाचं नवं खातं तयार केलं. याचा काही उपयोग व्हायला नको होता. नाव तेच असलं तरी मशीन आतून प्रत्येक खात्याला वेगळा नंबर देतं, आणि परवानगी त्या नंबरवर चालते.

त्या खात्यातून जुनं फोल्डर लगेच उघडलं. अपडेट सुरू झालं, पूर्ण झालं, गेम कनेक्ट झाला.

फोल्डरमध्ये पाठवलेल्या मेसेजच्या फाइली होत्या. गेम त्या आपोआप साठवतो. माझ्या बहिणीच्या नावानं गेलेले ते सगळे मेसेज, ओळ न् ओळ, तारीखवार... नीलेशच्या मशीनमध्ये.

मी प्रिंट काढल्या. संध्याकाळी नीलेश आला तेव्हा कागद त्याच्यापुढे टाकले. तो स्टुलावर बसला तो उठेचना.

"तिनं मले टीममधून काहाडलं होतं भाऊ. सगळ्याइसमोर. डोक्यात राग होता."

त्याला तिथंच तुडवावं असं वाटत होतं. पण हा हिशोब माझा नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला मोटरसायकलवर मागे बसवला आणि संग्रामपूर गाठलं. वर्षा मावशीच्या ओसरीत गवारीच्या शेंगा मोडत बसली होती. नीलेशनं तिचे पाय धरले. तिनं पाय ओढून घेतले.

"उठ. ताई म्हनू नको मले. माफी नाही."

मग कितीतरी महिन्यांनी माझ्याकडे बघितलं. "आता पटलं तुले? कागद पाह्यल्यावर?"

मी कागद घडी करून खिशात घातले.

त्याच कागदांनिशी मी आणि वडील नीलेशला घेऊन पिंपळगाव राजाला गेलो. तिथल्या बैठकीत चार माणसांसमोर त्याला कबूल करायला लावलं. मुलाचे वडील हात जोडून म्हणाले, "चूक झाली, आपन लग्न ठरल्यापरमानं करू." मी आनंदानं निरोप घेऊन पुन्हा संग्रामपूरला गेलो. वर्षा म्हणाली, "त्याईले सांगजो, म्या नाही म्हनलं. असंच, फोनवरच सांगजो." 'फोनवरच' म्हणताना ती हसली. मोडलं तेव्हापासून पहिल्यांदा.

नीलेशनं खामगावला जाऊन मशीन फॉरमॅट करून घेतलं, नंतर डिस्कही नवी टाकली. तरी गेम कनेक्ट झाला नाही. त्या दुकानदाराचा मला फोन आला, "तुमच्याकडच्या पोराच्या मशीनमंधी हे वर्षा कोन हाय हो?" मी म्हटलं, माहीत नाही.

धंद्यातल्या जाणत्या लोकांना मी हे सगळं सांगून बघितलं. कोणी म्हणतं व्हायरस असेल, कोणी म्हणतं तुझ्याच सीडीत गडबड. त्यातलं एकही खात्याच्या नंबरापाशी टिकत नाही. माझ्याकडे आजही काही स्पष्टीकरण नाही.

वर्षाला ही मालकाच्या नावाची गोष्ट मी फार उशिरा सांगितली, गेल्या दिवाळीत. ती आता अकोल्याला असते, शिकवते, तिच्या मनासारखं चाललंय. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मावशीकडं रोज दुपारी मी डोये मिटून एकच म्हनत जाओ. ज्यानं माह्यं घेतलं, त्याच्या हाताले ते लागू नको देऊ. नाव माहीत नव्हतं मले त्याचं. तरी म्हनत जाओ."

मी विचारलं, "आता नाही ना म्हणत?"

"म्हन्तो ना," ती म्हणाली. "रोज."