येडगे सरांचा पासवर्ड

फोन आला तेव्हा मी साताऱ्याच्या एमआयडीसीत, आमच्या कंपनीच्या टेस्टिंग विभागात एका पॅनेलसमोर उभी होते. "येडग्यांच्या घरनं बोलती. तुझं सर गेलं गं पहाटं," वैनी, येडगे सरांच्या पत्नी, म्हणाल्या आणि फोन ठेवला. रडणं नाही, काही नाही. मी पॅनेलचं दार लावलं आणि तिथंच फरशीवर बसले. पहिला विचार दुःखाचा नव्हता. 'आता तो सुटला,' हा होता. तो म्हणजे आमचा साहेब. या गोष्टीला सव्वा महिना झाला. गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना शेवटी सगळ्यांना क्षमा करून टाकायची रीत आहे. ती मी पाळणार नाही.

हणमंत येडगे आटपाडीकडचे, मेंढपाळाच्या घरातले. वडील मेंढरं घेऊन आठ महिने कोकणच्या अंगाला. हे सांगलीत आत्याकडे राहून शिकले आणि कारखान्यांतली यंत्रं आपोआप चालवणारे प्रोग्राम लिहिणाऱ्या आमच्या कंपनीत सीनिअर इंजिनिअर झाले. मी पाटणची, नवीन लागलेली. पहिल्याच आठवड्यात मला कन्व्हेयरच्या पट्ट्यापाशी नेऊन म्हणाले, "ही कडंची दोरी बघ. कुणी पट्ट्यात घावला तर ही वडायची, पट्टा थांबतो. सही करायच्या आधी ही दोरी आपल्या हातानं वडायची. दुसऱ्यानं वडली म्हनून सांगितलं तर मानायचं न्हाई." मशीनबद्दल बोलताना ते आवाज खाली आणत. "मेंढरासारखं असतंय गं. कुठं दुखतंय ते सांगत असतंय, आपल्याला ऐकाय आलं पायजे."

तीन वर्षांपूर्वी, ऐन गळीत हंगामात, कडेगावकडच्या एका साखर कारखान्यात उसाचा भुसा वाहणारा पट्टा सारखा बंद पडू लागला. दोरीचा स्विच कुणी न ओढताच पडत होता. सरांनी निरोप दिला, कारण सापडेपर्यंत पट्टा चालवू नका. कारखान्याला ते नको होतं, आणि कारखान्याला जे नको ते आमच्या साहेबालाही नको. सरांना त्यानं मेढ्याच्या पाणीयोजनेवर पाठवलं आणि मला घेऊन स्वतः कारखान्यावर गेला. पॅनेलसमोर उभं राहून म्हणाला, "येडग्यांना फोन लाव. पासवर्ड माग. प्रोग्राम नुसता बघायचाय म्हण." मी लावला. सर हसले. "लिहून घे गं. नाग्या. आमच्या आबाच्या एडक्याचं नाव हाय." मी ते नाव साहेबाला सांगितलं. त्यानं ते टाकलं आणि प्रोग्राममधून दोरीचं कामच काढून टाकलं... दोरी तिथंच लोंबत राहिली, पण ती ओढून आता काहीच होणार नव्हतं. मी शेजारी उभी होते. मला सगळं कळत होतं.

तिसऱ्या दिवशी दिलीप नावाच्या कामगाराचा उजवा हात पट्ट्यात गेला. डाव्या हातानं तो दोरी ओढत होता. पाहणारे सांगतात, ओढतच होता.

चौकशी साताऱ्याला झाली. प्रोग्राम कुणाच्या पासवर्डनं बदलला, त्या नोंदीत नाव येडग्यांचं. सर म्हणाले, "मी मेढ्याला हुतो. पासवर्ड फोनवर दिला." साहेबानं विचारलं, "कुणाला दिला?" विचारताना त्याच्या कपाळावर आठीसुद्धा नव्हती. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाच्या टोकाला बसून चौकशीचा वृत्तांत लिहीत होते. मी मान वर केली नाही. मग ते म्हणाले, "आठवत न्हाई." ते वाक्य मी माझ्या हातानं लिहून घेतलं. त्यांनी राजीनामा दिला, आणि त्यानंतर जिल्ह्यातल्या एकाही कंपनीनं त्यांना दारात उभं केलं नाही. साहेबाला बढती मिळाली.

गेल्या उन्हाळ्यात मी त्यांच्या गावी गेले. माणूस निम्मा झाला होता. मी पायांशी वाकले, तर पाय मागं घेतले त्यांनी. "माफी मागाय आलीयास? देत न्हाई. तुझं नाव घेतलं न्हाई, कारण मला वाटलं तू स्वतःहून बोलशील. दोन वरसं वाट बघतोय." मग म्हणाले, "मला तुझी माफी नगं. त्याला खाली आण." मी हो म्हणाले. आणि साताऱ्याला येऊन पुन्हा गप्प बसले... त्यांचं हृदय बंद पडेपर्यंत.

शोकसभा सांगलीत झाली. साहेब पांढऱ्या कपड्यांत आला. बोलायला उभा राहून म्हणाला, "हणमंत मला धाकट्या भावासारखा. एक चूक झाली त्याच्या हातून, पण माणूस सोन्यासारखा." शेवटच्या रांगेत दिलीप बसला होता, एक बाही खिशात खोचलेली. मी उठले. "चूक त्यांची नव्हती," मी म्हणाले. "पॅनेलसमोर तुम्ही होता. आणि पासवर्ड मी मागून दिला होता." साहेब म्हणाला, "अश्विनी, ही वेळ नाही." मी म्हणाले, "तीन वर्षं कुठलीच वेळ नव्हती, सर." दिलीप उभा राहिला. सगळे वळून साहेबाकडे बघू लागले. त्याचा चेहरा उतरताना मी डोळे भरून पाहिला. मला आनंद झाला, तो लपवत नाही.

दुसऱ्याच दिवशी कारखाने निरीक्षकांकडे आणि दिलीपच्या वकिलाकडे लेखी जबाब दिला. कंपनीनं साहेबाला घरी बसवलंय. माझीही चौकशी लागली आहे, लागू दे. मागच्या आठवड्यात त्याचा फोन आला. आवाज पार बसलेला. "मुलीचं लग्न ठरतंय गं. पेपरात काही लिहू नकोस. माणुसकी म्हणून." मी त्याला बोलू दिलं. पुन्हा विनवायला लावलं. मग म्हणाले, "आठवत नाही, सर, माणुसकी म्हणजे काय ते." आणि फोन ठेवला.

रविवारी वैनींना सांगायला गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "त्ये असताना बोलली असतीस तर?" एवढंच विचारलं. त्या उठल्या आणि मला मागच्या खोलीत घेऊन गेल्या. खिडकीपाशी लोखंडी खुर्ची होती, बसून बसून तिची नवार खाली गेलेली. "हितं बसून रोज सकाळी च्या पितापिता त्या सायबाला शिव्या द्यायचे. चुकायचं न्हाई कवा. आता घर गप वाटतंय." त्यांनी माझ्या हातात कप दिला. "बस. आता तू दे."

मी बसले. पहिली शिवी स्वतःला दिली. मग साहेबाचं नाव घेतलं, आणि चहा गार होईपर्यंत थांबले नाही.