खिंडीच्या अलीकडचे गार्डसाहेब

गार्डसाहेबांबरोबर पहाडात जायचं असेल तर आधी त्यांना आदल्या रात्रीचं जेवण सांगावं लागे, आणि तेही उज्जैनमधल्या रामघाटाच्या पायऱ्या चढता चढता. पाठीवर दहा किलो गव्हाची पिशवी, सकाळी सहाची वेळ, आणि मागून त्यांचा शांत आवाज: "हं, रात्री काय काय जेवलात? रुकू नका, चढता चढता सांगा." ज्याचं वाक्य तुटलं नाही तो अवघड वाटेला लायक, तुटलं तो सोप्या. उज्जैनच्या माणसाला ही परीक्षा जडच जायची, कारण आमचं जेवण एका श्वासात सांगून होण्यासारखं नसतंच.

त्यांची सगळी नोकरी रेल्वेत गार्ड म्हणून झाली. निवृत्त होऊन इथेच नानाखेडा भागात घर बांधलं आणि दर मे महिन्यात ते इथल्या मराठी मंडळींना हिमालयात न्यायला लागले. त्यांच्या तीन सहली असत आणि तिन्हींना नावं गाड्यांची. पॅसेंजर म्हणजे दर दोन तासांनी चहा, मुक्कामाला पक्कं छप्पर. एक्सप्रेस म्हणजे तंबू आणि थोडी चढण. आणि मेल म्हणजे बर्फातली उंच खिंड ओलांडून पलीकडच्या खोऱ्यात उतरायचं. कोणी कुठल्या गाडीत बसायचं ते घाटावर ठरे. पैसेवाला, ओळखीचा, वयानं मोठा, कुणाचीच रदबदली चालत नसे. "पहाडाला तुमची पोस्ट नाही दिसत, दम दिसतो," असं ते सांगत. पिशवी मात्र कधी उचलून बघत नसत. सामान तुमचं, पाठ तुमची, मी तोलून काय करू, म्हणत.

चालताना ते नेहमी सगळ्यांच्या मागे. पुढे पहाडी वाटाड्या, मध्ये आम्ही, शेवटी ते. शेवटचा डबा पोचला म्हणजे गाडी पोचली, हा त्यांचा हिशेब. त्यामुळे एक गंमत झाली होती. मेलमधलं कोणी ना कोणी दरवर्षी खिंडीच्या खाली बसायचं, वाटाड्या बाकीच्यांना घेऊन पुढे जायचा आणि बसलेल्याला घेऊन गार्डसाहेब खाली उतरायचे. इतक्या लोकांना त्यांनी खिंड दाखवली, पण स्वतः ती कधी ओलांडलेली नव्हती.

आता माझ्याविषयी. त्या वर्षांत देशानं बाजार उघडला होता आणि मी तोंड. बँकेत बढती मिळाली, घरी केबल आली, सायकल जाऊन बटणावर सुरू होणारी स्कूटर आली. टावर चौकातून मी खेळाडूंचे पांढरे बूट आणले आणि ते घालून रोज शंभर पावलांवरच्या पोह्यांच्या दुकानापर्यंत स्कूटरनं जायला लागलो. आरशात बघितलं की मला तिथे एक गिर्यारोहक दिसायचा. पोट दिसायचं, पण ते मी समृद्धीत धरत होतो.

त्या वर्षी गार्डसाहेबांनी सगळ्यांना बसवून सरळच सांगितलं. डॉक्टरनं गुडघे झिजल्याचं निदान केलं होतं, पुढच्या वर्षापासून पहाड बंद. "यंदा मला पण पलीकडे बघायचंय. म्हणून यंदा मेलची परीक्षा कडक. ज्याला जमणार नाही त्यानं मोकळ्या मनानं पॅसेंजरमध्ये बसा, त्यात कमीपणा काही नाही." मी पहिल्या रांगेत बसून मान डोलावली होती, हे मुद्दाम सांगतो.

परीक्षा झाली. माझी बायको शाळेत शिकवते, रोज चालत जाते. ती जिना चढावा तशी चढली आणि वर पोचेपर्यंत भाजी, आमटी, लोणचं सगळं सांगून मोकळी झाली. मी आदल्या रात्री एका लग्नात दाल-बाफले, म्हणजे वरणाबरोबर तुपात बुडवलेले कणकेचे गोळे, जेवलो होतो. दुसऱ्या बाफल्यापाशी माझा आवाज गेला. लाडवापर्यंत पोचलोच नाही. बायको मेल, मी पॅसेंजर. बँकेत ही बातमी माझ्याआधी पोचली आणि शिपायापासून साहेबापर्यंत सगळे माझी आपुलकीनं चौकशी करू लागले.

मी गार्डसाहेबांकडे पुन्हा एक संधी मागितली. महिनाभर तयारी करा, मग बघू, म्हणाले. महिनाभर मी तयारीचा विचार केला. आदल्या संध्याकाळी मात्र माझी अक्कल अचानक चालायला लागली. पिशवीत मी गव्हाऐवजी परमल भरलं. आपण शेवेबरोबर खातो तेच, मुरमुऱ्यासारखं. पिशवी टम्म फुगली, वजन किलोभर. वाजू नये म्हणून आत टॉवेल गुंडाळला आणि वर मूठभर गहू पसरले. रात्री फक्त मुगाची खिचडी आणि ताक घेतलं, म्हणजे सांगायलाही दोनच शब्द. सकाळी मी हरणासारखा वर गेलो. गार्डसाहेबांना इतका आनंद झाला की त्यांनी माझी पाठ थोपटली. "मेहनत केलीत. तुमच्यावर भरोसा आहे आता," म्हणाले. बायकोनं संशयानं बघितलं.

पहाडात पिशवी खरी होती. पहिले तीन दिवस मी लाजेवर चाललो. चौथ्या दिवशी खेचरं खालच्या तळावर राहिली आणि आम्ही खिंडीच्या चढणीला लागलो. बायको पुढे वाटाड्याच्या मागोमाग. माझ्या मागून गार्डसाहेब रतलामच्या एका विसरभोळ्या स्टेशनमास्तरची गोष्ट सांगत येत होते, सलग, कुठेही न अडखळता. वर दोन काळ्या खडकांच्या मध्ये खिंड दिसत होती, तासाभराची वाट. तिथे माझं डोकं गरगरलं, पोटातलं सगळं बाहेर आलं आणि मी बर्फातच बसलो.

बायको परत यायला निघाली. गार्डसाहेबांनी हातानंच तिला पुढे जायला सांगितलं. मग माझी पिशवी काढून त्यांनी स्वतःच्या पिशवीवर बांधली. बाकीचे लहान लहान होत खडकांपर्यंत गेले आणि दिसेनासे झाले. गार्डसाहेब तिकडे बघत उभे होते. मला राहवलं नाही.

"गार्डसाहेब, घाटावर माझ्या पिशवीत परमल होतं."

त्यांनी दोन्ही पिशव्यांचे पट्टे आवळले. मग म्हणाले, "उठा. ऊन चढलं की बर्फ नरम होईल."

दोन दिवस वेगळ्या वाटेनं उतरून आम्ही बाकीच्यांना सडकेवरच्या एका गावात गाठलं. तिथे त्यांनी माझ्या बायकोला समोर बसवलं आणि पलीकडे काय दिसतं ते विचारलं. तिनं खोरं सांगितलं, दोन तळी सांगितली, पार क्षितिजापर्यंतची शिखरं सांगितली. पाणी कुठल्या बाजूला वाहतं, हिरवळ लगेच लागते का, वारा कसा होता, ते खोदून खोदून विचारत राहिले. मी शेजारी चहाचा पेला धरून बसलो होतो. इतका लहान मी आयुष्यात कधी झालो नव्हतो.

पुढच्या वर्षी ते घर विकून मुलाकडे नागपूरला निघाले. आम्ही दोघं स्टेशनवर पोचवायला गेलो. बायको त्यांच्यासाठी पाण्याची बाटली आणायला गेली, तेव्हा खिडकीतून मी एकदाचं बोललो. तुमची खिंड माझ्यामुळे राहिली, ते मनातून जात नाही, म्हटलं.

ते फलाटाकडे बघत राहिले. "मनात नका ठेवू. सच सांगू? त्या दिवशी तुम्ही बसला नसतात तर मीच बसणार होतो. माझा पण दम संपला होता."

बायको बाटली घेऊन आली आणि गाडी हलली. परतताना रिक्षात तिनं विचारलं, काय म्हणाले?

"त्या दिवशी त्यांनाही दम लागला होता, म्हणाले."

"त्यांना?" ती म्हणाली. मला ती स्टेशनमास्तरची गोष्ट आठवली; अख्ख्या चढणीत तिचं एकही वाक्य तुटलं नव्हतं.