दारातला काळा दगड

"दार उघडं ऱ्हाऊ द्या, हवा काय परकी हाय का?" असं म्हणत मावशी पायानं एक काळा दगड सरकवायच्या आणि दार त्याला टेकून उभं राहायचं. लातूरच्या त्यांच्या घरात भाड्याच्या चार खोल्या होत्या आणि दगडही चार. खालच्या तीन खोल्यांत क्लाससाठी गावोगावहून आलेल्या मुली, वर मी. मी नांदेडहून तिथे फिजिक्स शिकवायला गेलो होतो, आणि नांदेडचा माणूस उन्हाची तक्रार सोबत बांधूनच निघतो.

"तुमच्याकडं गोदावरी हाय तरी भट्टीच," मावशी मला चिडवायच्या. "आमच्याकडं पाणी न्हाई, पण वारा लई."

वारा होता हे खरं. लातूर उंचावर, दिवस कितीही तापला तरी संध्याकाळी बालाघाटाकडून झुळूक यायचीच. मावशींनी तिला घरकामाला जुंपलं होतं. ऊन चढलं की उन्हाकडच्या खिडक्या बंद, उघड्या दारांवर ओली गोणपाटं, आणि पाच वाजले की सगळं सताड उघडं. गच्चीला दरवर्षी चुना. गोणपाटं भिजवायला भाज्या धुतलेलं पाणी. कूलरचं नाव काढलं की त्या विचारायच्या, "टँकरचं पाणी लेकरांला देऊ का त्या डब्याला पाजू?"

एकदा मुदखेडहून एका मुलीची आई खोली बघायला आली. पहिला प्रश्न, "एसी हाय का?" मावशी हो म्हणाल्या नाहीत आणि नाहीही म्हणाल्या नाहीत. बाईंना गोणपाटाआडच्या चटईवर बसवलं, माठातलं पाणी दिलं आणि म्हणाल्या, "उन्हाचं आलात, जरा टेका." बाई चार वाजता जाग्या झाल्या आणि खोली पक्की करूनच गेल्या.

पण चटईवर तरी किती जणांना झोपवणार? गल्लीत एसीची होस्टेलं उभी राहिली. एकेक मुलगी गाठोडं उचलून तिकडे गेली. त्या मे महिन्यात दोनच उरल्या. मावशी भाजी आणताना दोनऐवजी एकच जुडी आणू लागल्या, आणि घर फार गप्प झालं. मग मी नको तो शहाणपणा केला. त्यांच्या पुण्यातल्या मुलाला परस्पर फोन लावून सांगितलं, "एसी बसवा, नाहीतर घर रिकामं होईल." मुलगा आज्ञाधारक. आठवड्यात मशीन दारात, सोबत बसवणारा मिस्त्री.

मिस्त्रीनं खोली पाहिली. "खिडक्या पॅक करा लागतील, मावशी. आन हा दगड काढा, दार बंदच ऱ्हायलं पायजे."

मावशी दगडावर पाय ठेवून उभ्या राहिल्या. "न्हाई," एवढंच म्हणाल्या. त्यात नेहमीची थट्टा नव्हती. मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "जेवलात का तुमी?"

भाकरी, वांग्याची भाजी, वर तांब्याभर ताक. मिस्त्री हात धुऊन त्याच चटईवर लवंडला. साडेचारला आम्ही त्याला उठवलं. त्यानं खोक्याकडे पाहिलं, गोणपाटाकडे पाहिलं.

"मंग, कुठं बसवू, मावशी?"

"रिक्षात," मावशी म्हणाल्या.

तो हसत हसत खोकं घेऊन गेला. मला मात्र राग आला होता. "अशानं उरलेल्या दोघीही जातील," मी म्हणालो.

मावशी उंबऱ्यावर बसल्या. "सर, भूकंपाच्या टायमाला गावाकडच्या घरात माझी धाकटी बहीण आत झोपली होती. गार वाजत होतं म्हणून दार लावून घेतलं तिनं. मी बाहेर पडवीत. भिंत दारावर आली. ती आतून हाका मारत ऱ्हायली, आन आमाला दार उघडंना." त्यांनी दगडावरून हात फिरवला. "त्याच भिंतीतले हे. तवा दार आडवलं, आता उघडं धरू द्या म्हनलं."

मला त्या फोनची फार लाज वाटली.

भरपाई म्हणून मला एकच गोष्ट करता आली. क्लासला नाव घालायला येणाऱ्या प्रत्येक मुलीच्या आईला मी भर दुपारी मावशींकडे पाठवू लागलो. पुढचं काम चटईनं केलं. जुलै संपायच्या आत तिन्ही खोल्या भरल्या आणि मावशी पुन्हा दोन जुड्या आणू लागल्या.

मावशी जाऊन आता बरीच वर्षं झाली. घर आवरताना त्यांच्या मुलानं विचारलं, "सर, आईची आठवण म्हणून काही हवं का?" मी एक दगड मागितला.

आता नांदेडला माझा स्वतःचा क्लास आहे आणि भिंतीवर एसीही आहे, मी काही मावशींइतका पक्का नाही. पण दाराला तो दगड असतोच. दर उन्हाळ्यात दुरुस्तीला येणारा माणूस मला समजावतो, "सर, दगड काढा की, सगळा गारवा बाहेर चाललाय."

"जाऊ दे," मी म्हणतो. "आत लेकरं आहेत."