रंगाखालची गळती

गॅसची गळती मोजते म्हटलं की लोक माझ्यापासून जरा लांबच सरकतात. प्रत्यक्षात माझं काम म्हणजे जुन्या व्हॉल्व्हना साबणाचं पाणी लावायचं, बुडबुडे शोधायचे आणि तिथे प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधून ती किती वेळात फुगते ते बघत बसायचं. गळती बारीक असते, तिला वास नसतो, स्फोटबिट काही होत नाही. पण तो मिथेन वर्षानुवर्षं हवेत जातो आणि हवा तापवतो. ‘एवढ्याशानं काय होतंय’ हे ऐकलं की माझं डोकंच फिरतं.

त्या वर्षी रत्नागिरीजवळ कातळाच्या सड्यावरच्या गॅस पाइपलाइनच्या स्टेशनात गेले, तर सगळे व्हॉल्व्ह पिवळेधमक. गणपती तोंडावर आलेले. इथे गणपतीआधी घराला रंग लागतो, फाटकाला लागतो, विहिरीच्या रहाटालाही लागतो. स्टेशन सांभाळणाऱ्या काकांनी व्हॉल्व्हही सोडले नव्हते. दांड्याभोवतीच्या फटीसुद्धा ब्रशने भरून काढल्या होत्या.

“बगा मॅडम, नवा कोरा वाटतो का नाय?”

उन्हाळ्यात यांतल्या मधल्या व्हॉल्व्हवर बुडबुडे आले होते. आज एकही नाही. पिशवी नुसती लोंबत होती. रंगाने फट बुजली होती, तीही चार दिवसांपुरती. दुरुस्तीसाठी लाइन वर्षातून एकदाच बंद ठेवतात आणि ती वेळ जवळ आली होती. आज शून्य लिहिलं असतं तर हा व्हॉल्व्ह दुरुस्तीतून सुटला असता आणि पुढचं वर्षभर गळत राहिला असता.

“काका, रंग खरवडायला लागेल.”

त्यांचा चेहरा पडला. मला वाटलं, मेहनतीचं वाईट वाटलं असेल. पण ते हळूच म्हणाले, “सगळी उमेदीची वर्षं मुंबईत काढून आता कुठं गावाजवळ लागलोय. गळती निघाली तर माझ्याच नावावर टाकतील. बदली झाली तर आयशीला कोण बगनार?”

मला रागच आला, पण त्यांचा नव्हे. गळती व्हॉल्व्हच्या म्हातारपणाची आणि बोल सांभाळणाऱ्याला! चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची आपल्याला सवयच लागली आहे. मी म्हटलं, “दांड्याभोवतीचं आतलं पॅकिंग झिजलंय, असंच लिहीन. खाली सही माझी.”

ते उठले. जाऊन नारळाची करवंटी फोडून आणली, कारण ठिणगीच्या भीतीने तिथे लोखंड घासायला बंदी. स्वतःच खरवडायला बसले. मीही दुसरा तुकडा घेऊन शेजारी बसले. साबणाचं पाणी लावलं आणि बुडबुड्यांचा घोसच उठला. पिशवी पुन्हा बांधली, तर तीही फुगायला लागली.

“एवढा जात होता, आनि आमाला पत्ता नाय,” काका म्हणाले. मला इतका आनंद झाला होता की तो लपवावा लागला. गळती सापडल्यावर हसणं बरं दिसत नाही.

ठरल्याप्रमाणे लाइन बंद झाली, पॅकिंग बदललं गेलं. काकांना कुणी चकार शब्दानं विचारलं नाही. मी दुसऱ्या कामांना लागले.

शिमग्यानंतर त्यांचाच फोन आला. “मॅडम, कडेचा व्हॉल्व्हपन गळतोय वाटतं. साबन लावून बगितला मी. कदी येताय?”

मी म्हटलं, आधी तुमच्या साहेबांशी बोलून घेते, उगाच तुम्हाला त्रास नको.

“त्यांना कळवलंय मी,” काका म्हणाले, “माझं नाव घालून.”