उरणमार्गे युरोप

दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईत व्हिसाची अपॉइंटमेंट होती, आणि आदल्या दिवशी नाश्त्याच्या वेळी माझ्या लक्षात आलं की माझा आणि ताईचा, दोन्ही पासपोर्ट उरणच्या एका कोळणीच्या घरी देवापुढे आहेत. ते मी तिथे विसरलो नव्हतो, विचार करून पाठवले होते. माझ्या चुका कधीच वेंधळेपणाने होत नाहीत, त्यामागे भरपूर विचार असतो, असं माधवी, म्हणजे माझी बायको, ओळखीपाळखीच्या सगळ्यांना सांगत असते.

त्याचं असं झालं. सुमनताई आणि मी, आम्ही दोघं भावंडं, या उन्हाळ्यात युरोपला जायचं ठरवत होतो. रोम, फ्लॉरेन्स, ल्युसर्न, पॅरिस, ॲमस्टरडॅम. ताईने जन्मभर पनवेलच्या शाळेत भूगोल शिकवला. ऱ्हाईन नदी कुठे उगवते आणि कुठे मावळते हे तिने हजारो मुलांकडून घोकून घेतलं, स्वतः मात्र गाढी नदीच्या पलीकडे फारशी गेली नाही. माधवीला पेपर तपासायचे होते. ती म्हणाली, "तुम्ही दोघं जा. तुम्ही बाहेर पडलात की मी घरात बसून सुट्टी घेते."

विमान नेमकं मंगळवारी, आणि वर अमावास्या. म्हणून ताईने 'प्रस्थान' ठेवायचं ठरवलं. (निघायचा दिवस चांगला नसेल तर आधीच्या एखाद्या चांगल्या मुहूर्तावर तांदूळ, सुपारी, एखादं वस्त्र असं सामान पिशवीत घालून दुसऱ्याच्या घरी ठेवायचं. म्हणजे आपण त्याच दिवशी निघालो, असं देवाला वाटतं. प्रत्यक्ष निघताना ती पिशवी उचलायची आणि पुढे जायचं. ती परत घरी आणायची नसते.) गुरुजी म्हणाले, "सुमनताई, इतकं आधी ठेवत नाहीत." ताई म्हणाली, "तुम्ही पूर्वीचं सांगताय. तेव्हा व्हिसा नव्हता."

पिशवी जायच्या दिशेला ठेवायची असते. युरोप पश्चिमेला. पश्चिमेला आमच्या ओळखीची एकच, उरणची हिराबाई. ती वर्षानुवर्षं ताईच्या दारात मासे घेऊन येते. मुहूर्तावर ती पाटी घेऊन हजर झाली. ताई मला म्हणाली, "जाणाऱ्याने आपली एखादी वस्तू घालायची असते." मी विचार केला. प्रवाशाची सर्वांत खरी वस्तू कुठली? पासपोर्ट! दोन्ही पासपोर्ट फॉर्म भरायला माझ्याचकडे होते. ते मी हळूच पिशवीच्या आतल्या कप्प्यात सरकवले आणि स्वतःवर खूश होऊन घरी आलो.

आता हे सगळं ताईला सांगणं आलं. अपॉइंटमेंट हुकली असती तर पुढची तारीख थेट पावसाळ्यातली होती. आणि पुण्याला राहणाऱ्या ताईच्या सुनेचे गणपतीच्या सुमारास दिवस भरत होते. म्हणजे मग बाळंतपण, मग नातवंडाचं न्हाऊमाखू, मग त्याची शाळा. ताई म्हणाली होती, "विनू, हा उन्हाळा गेला की मी घराबाहेर पडेन ती गुडघ्यांच्या ऑपरेशनलाच."

ती उगाच म्हणत नव्हती. तिचे प्रवास आजवर उंबरठ्यावरच संपत आले आहेत. काश्मीरची बॅग भरली त्या दिवशी भाऊजींना, म्हणजे तिच्या यजमानांना, ॲसिडिटी झाली. केरळच्या वेळी कामवाली सोडून गेली. अष्टविनायकाच्या वेळी तर ती रिक्षात बसली होती, इतक्यात मागून भाऊजींची हाक आली की गिझरचं बटण कुठलं. ती सांगायला उतरली ती उतरलीच. भाऊजी माणूस वाईट नाहीत. त्यांना फक्त स्वतःच्या घरात काहीही सापडत नाही.

मी ताईला फोन केला. ती शांतपणे ऐकत राहिली. मग म्हणाली, "पर्स घेते. स्टँडवर ये."

पनवेलच्या एसटी स्टँडवर मी सूत्रं हातात घेतली. ल्युसर्नहून पॅरिसला जाताना गाडी कुठे बदलायची, दोन फलाटांमध्ये किती चालावं लागतं, हे मला तोंडपाठ होतं. त्याच आत्मविश्वासाने मी ताईला एका गाडीत चढवलं, खिडकीची जागा दिली आणि कंडक्टरला म्हणालो, "दोन उरण."

"उरण?" तो म्हणाला, "पेणची गाडी हाय ही, काका. बोर्ड नाय वाचला?"

बोर्ड मी वाचला होता, पण शेजारच्या गाडीचा. आम्हाला पळस्पे फाट्यावर उतरवण्यात आलं. एका बाजूने गोव्याकडे, दुसऱ्या बाजूने पुण्याकडे गाड्या धावत होत्या. आम्हाला यातलं कुठेच जायचं नव्हतं. डोक्यावर ऊन मी म्हणत होतं. ताईने पदराने वारा घेत म्हटलं, "युरोपात एक बरं. तिथे बोर्ड परक्या भाषेत असतील. निदान तुझ्याकडे सबब तरी असेल."

शेवटी एक रिक्षा मिळाली. चालवणारे सलीमभाई पनवेलचेच, बरीच वर्षं कुवेतला काढून आलेले. इतक्या उन्हात उरणला कशाला, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी रिक्षा बाजूला घेऊन थांबवली आणि वळून माझ्याकडे नीट बघितलं.

"पासपोर्ट कोळणीकडे? कमाल आहे, साहेब. माझा शेठच्या तिजोरीत असायचा. मागितला की शेठ नाराज. तुमची बाई देईल ना?"

"देईल हो," ताई म्हणाली, "न द्यायला काय झालं?"

"इन्शाल्ला," सलीमभाई म्हणाले आणि रिक्षा पुन्हा सुरू केली.

उरणचा रस्ता म्हणजे कंटेनरचा रस्ता. पुढे ट्रेलर, मागे ट्रेलर, मधे आमची रिक्षा एखाद्या चुकलेल्या कोंबडीसारखी. डाव्या हाताला खाडी, खारफुटी, त्यात एका पायावर उभे बगळे. उजवीकडे लाल, निळे, करडे कंटेनर एकावर एक, थेट चार मजली. मी प्रवासवर्णनाच्या सवयीने या दृश्याची तुलना कशाशी करावी याच्या विचारात होतो, तोवर ताई म्हणाली, "यातले कितीतरी रॉटरडॅमला जाऊन आले असतील, नाही?"

"असतील की."

"लोखंडाच्या पेट्यासुद्धा जाऊन येतात," ती म्हणाली, आणि मागे पडणाऱ्या पेट्या वळून मोजत राहिली.

हिराबाईची गल्ली सापडली. सुकत घातलेल्या बोंबलांच्या दांड्या, जाळ्यांचे ढीग, आणि निळ्या दाराला कुलूप. मी फोन लावला. फोन दाराच्या आत वाजला. आम्ही दोघं बाहेर उभे राहून तो वाजताना ऐकत होतो. शेजारच्या घरातून एक म्हातारी बाहेर आली.

"हिराकरं आलाव? ती नाय. पनवेलला गेली मावरं घेवन. (मावरं म्हणजे मासे.) तिची ती मास्तरीन बाय हाय ना, तिच्या दाराव."

मास्तरीण बाय माझ्या शेजारीच उभी होती. तिने घरी फोन लावला. भाऊजी म्हणाले, "हो, आली होती आत्ताच. तू नाहीस म्हटल्यावर गेली. का? बोंबील घ्यायचे होते का? आणि चहापत्ती कुठेय?"

म्हातारीने आम्हाला ओट्यावर बसवलं आणि पाणी दिलं. दुपार कलायला लागली तेव्हा हिराबाई रिकामी पाटी काखेत घेऊन गल्लीच्या तोंडाशी दिसली. आम्हाला बघून ती जी हसायला लागली ती दार उघडेपर्यंत हसत होती. "अगो बाय! मी तुज्या दारान आनि तू माज्या!" आधी तिने आम्हाला जेवायला बसवलं. तांदळाची भाकरी आणि मांदेलीचं कालवण, असं तिखट की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. हिराबाईला वाटलं, मला चुकीचा पश्चात्ताप झाला. मी तिचा गैरसमज दूर केला नाही.

मग तिने देवापुढची पिशवी दाखवली. तिला रोज हळदकुंकू लावत असावी, कारण पिशवीच्या कानाला लाल-पिवळा थर जमला होता.

"पिशवी काय, देते की," ती म्हणाली. "पन बाय, उचललीस का तू निंगालीस. मंग घरी नाय जायाचं."

"अगं, आत्ता कुठे निघतेय? उद्या मुंबईला सह्या करायच्या आणि परत. विमानाला अजून महिना आहे."

"तां मना नाय म्हाईत. होरी बंदरातशी सुटली का कोन बोलतं का, मीठ राहिलं, होरी मागं फिरवा?"

मी मध्यस्थी केली. "पिशवी इथेच राहू दे. मी फक्त वरच्यावर पासपोर्ट काढून घेतो. दोन पातळ वह्या, देवाला कळणारही नाहीत."

हिराबाईने माझ्याकडे असं बघितलं, जसं शिळ्या पापलेटाकडे बघतात. "परस्थानातलं काढून नेलं म्हंजे परस्थान मोरलं, दादा. मंग जानं नाय होयाचं."

मला वाटलं, ताई आता माझी बाजू घेईल. गुरुजींनाही जिने दाद दिली नाही, ती हिराबाईला थोडीच देणार? ताई पिशवीकडे बघत उभी होती. तिचा फोन वाजला. भाऊजींचा होता. तिने तो वाजू दिला.

"हिराबाईचं बरोबर आहे," ती म्हणाली. तिने देवाला हात जोडले, पिशवी उचलून खांद्याला लावली आणि मला म्हणाली, "चल विनू. निघाले मी."

"निघालीस म्हणजे? घरी ना?"

"घरी कशी जाऊ? ऐकलं नाहीस का? तुझ्याकडे येते."

परतीच्या वाटेवर मी तिला बरंच समजावलं. विज्ञान सांगितलं, नारळाचं पाणी पाजलं. ती फक्त म्हणाली, "तुझ्या घरी बदलायला माधवीचे गाऊन असतील ना?" माधवीने दार उघडलं, पिशवी बघितली, ताईकडे बघितलं आणि काहीही न विचारता म्हणाली, "या वन्सं. आतली खोली घ्या." मला तिने खूप काही विचारलं, पण ते स्वयंपाकघरात.

दुसऱ्या दिवशी अपॉइंटमेंट वेळेवर झाली. काउंटरवरच्या मुलीने आमचे पासपोर्ट हातात घेतले, क्षणभर नाकापासून लांब धरले, आणि विचारलं, "प्रवासाचं कारण?" ताई म्हणाली, "बघणे." बोटांचे ठसे दिले, फोटो दिले, दोघांचेही चेहरे नुकतीच अटक झाल्यासारखे आले. आम्ही पनवेलला परत आलो तर माझ्या दिवाणखान्यात भाऊजी बसले होते. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं एका घराने चुकलेली.

"गुरुजींना विचारून आलोय," ते उत्साहाने म्हणाले. "अगदी सोपं आहे. सुपारी वाहत्या पाण्यात सोडायची, नवी घ्यायची आणि खुशाल घरी यायचं. काही दोष नाही. निघताना पुन्हा ठेवू. चल, रिक्षा खालीच उभी आहे."

मी सुटकेचा निःश्वास टाकला. शास्त्राने वाट दाखवली होती, रिक्षा उभी होती. ताईने पाण्याचा पेला खाली ठेवला.

"गुरुजींचं बरोबर असेल," ती म्हणाली. "सुपारी बदलता येते. पण मी एकदा घरी आले की पुन्हा निघत नाही. हे मलाही माहीत आहे आणि तुम्हालाही."

खालून रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला. भाऊजींनी चुकलेल्या बटणाशी थोडा वेळ चाळा केला. मला वाटलं, आता ॲसिडिटी होणार. पण तसं काही झालं नाही.

"बरं," ते शेवटी म्हणाले. "मग चहापत्ती कुठल्या डब्यात आहे, तेवढं तरी सांग."

"हळद लिहिलंय त्या."

ते गेले. दाराशी जाऊन एकदा वळले, आणि हळद कशात असते ते न विचारताच जिना उतरले. ताई गॅलरीत गेली आणि रिक्षा वळणापलीकडे जाईपर्यंत कठड्याला धरून उभी राहिली. आत आली तेव्हा डोळे लाल होते. "तुमच्याकडे धूळ फार येते," ती माधवीला म्हणाली.

व्हिसा यथावकाश आला. तोवर आणि त्यानंतरही ताई आमच्याकडेच होती. रोज संध्याकाळी आम्ही नकाशा पसरून बसायचो. ती मला नद्या विचारायची आणि मी नापास व्हायचो. इतर प्रवासी परत आल्यावर लिहितात, मी जाण्याआधीच लिहायला बसलो, कारण आमच्या प्रवासाचा अवघड टप्पा पार पडला, अशी माझी पक्की समजूत आहे. पनवेलच्या ज्या गल्लीत ताई राहते, तिथून माझं घर चालत जाण्याच्या अंतरावर आहे. एवढं अंतर कापायला तिला उरणवरून यावं लागलं. पुढे रोम काय, ल्युसर्न काय, रस्ता सरळच आहे. गाड्या मात्र ती बघणार आहे.

काल भाऊजींचा फोन आला. त्यांनी चहा केला होता. स्वतः, कुणालाही न विचारता, आणि तो त्यांनी भेटायला आलेल्या सुनेलाही दिला, आणि ती तो प्यायली. हे सगळं त्यांनी ताईला दोनदा सांगितलं. फोन ठेवल्यावर मी माधवीला म्हणालो, "बघ, बिचारे किती सुधारले. आम्ही परत आलो की ताईला विमानतळावरून सरळ तिच्या घरी सोडू या."

माधवी भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "इतकी घाई कशाला? वन्संना आल्यावरही आठवडाभर इथेच राहू द्या. भाऊजी आत्ता कुठे चहापर्यंत पोचलेत. भातापर्यंत पोचायला वेळ लागेल."