एकाच ड्रॉइंगवर चौघं

वडिलांचं मांडीचं हाड मोडलं म्हणून मी पुण्याहून मालेगावला आले, ती दोन महिन्यांसाठी. आमचं मालेगाव वाशीम रस्त्यावरचं. घराच्या ओट्यावर बसलं की बसस्टँडला जाणाऱ्या सगळ्या मोटारसायकली दिसतात. यंत्रांच्या भागांची ड्रॉइंगं करणं हे माझं काम. कंपनीनं ते घरून करायची परवानगी दिली होती, कारण तसंही आमचं सगळं काम एका सामायिक फाइलवर चालायचं. मी मालेगावात एक रेघ ओढली की पुण्यातल्या माझ्या सहकाऱ्याच्या पडद्यावर ती त्याच क्षणी उमटायची. त्याचा कर्सर माझ्या रेघांमधून फिरताना मला दिसायचा, आणि खरं सांगायचं तर मला ते कधीच आवडलं नाही. कुणीतरी आपल्या ताटात हात घालतंय असं वाटायचं. म्हणून त्याच्या आधीच मी घाईघाईनं बदल करून मोकळी व्हायची.

वडील भिंत धरून चालायला लागले, मग काठी घेऊन, मग काठीशिवाय. माझं इथं राहायचं कारण संपलं, तरी मी जात नव्हते. का, ते मलाही सांगता येत नव्हतं. पुण्यात असताना इथली आठवण यायची आणि इथं असताना तिथं काहीतरी निसटून चाललंय असं वाटायचं. बसल्या जागी पाय हलवत राहायची. आई एकदा चिडून म्हणाली, "तुया पायाले काय मोटर लावली काय? टेबल हलून राह्यला सारा."

लाइट गेली की माझं नेट बंद पडायचं. आमच्या घरापासून चार दुकानं सोडून एका चाचांचं वेल्डिंगचं दुकान आहे. लाइट गेली की त्यांचंही काम थांबायचं. मग मी तिकडे जाऊन बसायची. लहानपणी मी त्यांच्या दुकानासमोरून शाळेत जायची, तेवढी ओळख पुरेशी होती.

"ये पोरी, बस. तुयं बी बंद पडलं ना?" असं म्हणून ते चहा सांगायचे.

चाचा तीसेक वर्षांपासून ट्रॅक्टरची पेरणीयंत्रं बनवत होते. एका दुपारी त्यांनी मला त्यांची अडचण सांगितली. यंत्राचा फण जमिनीत चर पाडतो आणि त्याच्या मागच्या नळीतून सोयाबीनचं बी त्या चरात पडतं. पण आपली काळी जमीन जराशी ओली असली की नळीचं तोंड मातीनं बुजतं. वर डब्यात बी असतं, ट्रॅक्टर पुढे जात असतो, कुणाला काही कळत नाही, आणि एक अख्खा तास, म्हणजे पेरणीची एक ओळ, कोरा जातो.

"आठ दिवसानं कोंब निघते तवा कळते," चाचा म्हणाले. "मंग कास्तकार येते अन् म्हनते, चाचा, तुमच्या मशीननं तास खाल्ला."

"तुमी काही करून पाह्यलं नाही का?"

"दर साली करतो. तीन सालाआधी एक फण असा जमला होता की काय सांगू. वापस तसा बनला नाई. कोन किती ठेवला होता, याद नाई."

"लिहून ठेवला नाही?"

त्यांनी आपल्या डोक्याकडे बोट केलं आणि हसले. मला मात्र हसू आलं नाही. जमलेली गोष्ट कुठेच नोंदलेली नाही हे माझ्या धंद्यातल्या माणसाला सहन होत नाही. त्याच दिवशी मी त्यांचे जुने फण मोजायला घेतले.

चार दिवसांत ड्रॉइंग तयार झालं. मी ते सामायिक फाइलवर ठेवलं आणि चाचांच्या मोबाइलवर लिंक टाकली. पुण्याच्या सहकाऱ्यालाही विचारलं; कोणतं लोखंड किती ताण सोसेल हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं समजतं. तो लगेच तयार झाला, पण त्याचा पहिला प्रश्न असा होता, "मी कोकणातला. जमीन चिकटते म्हणजे नक्की काय होतं?"

हे सांगायला शेतातलं माणूस हवं होतं. चाचांनी किन्हीराजा गावच्या एका काकूंना फोन लावला. काकू त्यांच्या जुन्या गिऱ्हाईक. शेत स्वतः पाहतात. पेरणीच्या वेळी पुतण्या ट्रॅक्टर चालवतो आणि काकू यंत्राच्या मागच्या फळीवर उभ्या राहून नळ्यांवर लक्ष ठेवतात. काकू म्हणाल्या, "मोबाइल हाय माह्याजवळ. काय पाठवायचं ते सांग."

असे आम्ही चौघं एका ड्रॉइंगवर आलो.

सुरुवातीचे दिवस गमतीचे होते. चाचांना टाइप करायला आवडायचं नाही. मोबाइलमध्ये बोललं की अक्षरं उमटतात, हे मी त्यांना दाखवलं. दुसऱ्याच दिवशी ड्रॉइंगवर त्यांची नोंद आली: "फोन थोडा जाड करा, नाहीतर दगडाला लागून वाकतो." सहकाऱ्यानं खाली विचारलं, "कोणता फोन?" चाचा मला म्हणाले, "याले फण समजत नाई अन् तुमी याले इंजिनेर म्हनता?" मोबाइलनं फणाचा फोन केला होता हे त्यांना समजावताना हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

पण काम भराभर पुढे सरकत होतं. पूर्वी चाचा एका हंगामात एक बदल करायचे आणि त्याचं काय झालं ते पुढच्या हंगामात कळायचं. आता सकाळी त्यांनी काही सुचवलं की दुपारी ते कागदावर असायचं आणि संध्याकाळी पुण्याहून उत्तर यायचं की इथं पत्रा फाटेल, तिथं चालेल. त्या वेगाची मला चटक लागली. कंपनीच्या मीटिंगमध्ये एका बाजूला मान हलवत दुसऱ्या खिडकीत मी फण उघडून बसायची. कुणीही काही विचारलेलं नसताना इकडची रेघ तिकडे करायची.

मग ती गोष्ट घडली. चाचांनी नऊ फण कापले. नऊ फणांचं यंत्र, नऊ नळ्या. नळ्या बसवायला गेले तर एकही बसेना. प्रत्येक भोक थोडं खाली. मी दुकानात पोचले तेव्हा दोन गिऱ्हाइकं बसली होती. त्यांच्यासमोरच मी बोलले, "चाचा, ड्रॉइंगमध्ये स्पष्ट दिलं होतं. तुमी पाहून कापायचं होतं ना. असं अंदाजानं कराल तर कायले मेहनत घ्यायची?"

चाचांनी हात पुसले, खिशातून मोबाइल काढला आणि माझ्या हातात दिला. "पाह्य तूच."

त्या फाइलमध्ये कुणी कधी ड्रॉइंग उघडलं आणि काय बदललं याची नोंद आपोआप राहते. चाचांना ती कशी उघडायची ते मीच शिकवलं होतं. सकाळी साडेदहाला त्यांनी ड्रॉइंग उघडलं होतं आणि त्याप्रमाणे कापायला घेतलं होतं. बारा वाजता भोक वर सरकवलं होतं आणि नळीची जागाही बदलली होती; म्हणजे फण जुन्या मापाचे, नळ्या नव्या मापाच्या. बदलणारीचं नाव माझं होतं. मीटिंग चालू असताना, कुणालाही न सांगता.

गिऱ्हाइकं माझ्याकडे पाहत होती. चाचा शांतपणे म्हणाले, "पोरी, तुयी रेघ पुसता येते. माया पत्रा कापला की कापला."

मला तिथं उभं राहवेना. चूक झाली एवढंसुद्धा न बोलता मी घरी निघून आले. दोन दिवस फाइल उघडली नाही. घरातल्या घरात फेऱ्या घालायची, वडिलांचं औषध दोनदा विचारायची. पुण्याची बॅग काढून पलंगावर ठेवली आणि पुन्हा कपाटावर ठेवली. तिसऱ्या दिवशी सहकाऱ्याचा फोन आला. "काय झालं? ड्रॉइंग एकदम गप्प झालंय."

मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तू माझ्याबरोबरही तसंच करतेस. मी एखादी रेघ हातात घेतली की तू ती आधीच हलवलेली असते. मी बोललो नाही इतकंच."

ते ऐकून मला राग यायला हवा होता. उलट हायसं वाटलं. निदान कुणीतरी ते तोंडावर सांगितलं होतं. मी चप्पल घातली आणि दुकानात गेले. चाचा एका गेटचं वेल्डिंग करत होते. डोळ्यांवरचा चष्मा वर होईपर्यंत मी थांबले.

"चाचा, माझीच चूक होती. अन् मी तुमाले लोकांसमोर बोलले."

"बोलली तं बोलली," ते म्हणाले. "पन आता एक कायदा करू. मी कापायले बसलो की लिहीन, कापून राह्यलो. मंग कोनी हात लावाचा नाई. न तू, न तो पुन्यावाला. वांदा असला तं आंधी मले फोन करा."

तो कायदा आम्ही चौघांनी पाळला. कापायला घेतलेला भाग ड्रॉइंगमध्ये बंद करून ठेवायचा, चाचा उघडा म्हणतील तेव्हाच उघडायचा. मला ते फार जड गेलं. हात शिवशिवायचे. पण वाया जाणारा पत्रा थांबला. आणि मी गप्प बसायला लागले तशी इतरांची बोलायची पाळी येऊ लागली, हेही त्या दिवसांत माझ्या लक्षात आलं.

उन्हाळ्याच्या शेवटी काकूंनी विहिरीच्या पाण्यानं शेताची एक लांब पट्टी भिजवली आणि दोन दिवसांनी तिच्यात नवं यंत्र चालवून पाहिलं. व्हिडिओ आला. नऊपैकी चार नळ्या बुजल्या होत्या. आम्ही तिघं पुन्हा फणाच्या कोनावर तुटून पडलो. सहकारी म्हणाला, कोन कमी करू. चाचा म्हणाले, फणाचं तोंड घासून गुळगुळीत करू. मी म्हणाले, फण बारीक करू. ड्रॉइंगवर आमचे तीन रंगांचे तीन फण एकमेकांवर चढले.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकूंचा एक फोटो आला. नळीच्या खालच्या तोंडाभोवती त्यांनी बोटानं लाल गोल काढला होता. सोबत त्यांचा आवाज होता:

"तुमी फनाचं तोंड कायले बदलून राह्यले? चिखल पुढून येतच नाई. धुऱ्यावर, वावराच्या कडेले, ट्रॅक्टर वळते, मंग मशीन खाली टेकते. टेकताना थोडी मांगं सरकते. तवाच माती नळीत घुसते. बाकी तास चांगला जाते. मी मांगंच उभी असते ना, मले दिसते."

मी ते तीनदा ऐकलं. आम्ही इतके दिवस पुढून पाहत होतो, आणि यंत्राच्या मागं उभ्या असलेल्या बाईला कुणी विचारलंच नव्हतं. त्यांना व्हिडिओ तेवढा मागितला होता.

मी काही लिहायच्या आतच सहकाऱ्याचा कर्सर हलला. त्यानं नळीच्या खाली एक छोटा चौकोन काढला आणि लिहिलं, "झडप? मागं सरकताना मिटेल, पुढे जाताना उघडेल." मला तो चौकोन ताबडतोब नीट करावासा वाटला. मी हात मांडीखाली दाबून बसले. चाचांची नोंद उमटली: लोखंडाची झडप नको, गंजून अडकेल, चक्कीच्या जुन्या पट्ट्याचं रबर लावू. काकूंनी विचारलं, हातानं साफ करता येईल ना? मग सहकाऱ्यानं लिहिलं, "बिजागरी तू काढ, तुला छान जमते." तेव्हा कुठे मी माउस धरला. चार वाजेपर्यंत झडप कागदावर होती. कुणाची, ते सांगता आलं नसतं.

तिसऱ्या दिवशी काकूंच्या भिजवलेल्या पट्टीत एकही नळी बुजली नाही. पुढे खऱ्या पेरणीत एका नळीच्या झडपेत काडीकचरा अडकला आणि काकूंचे दोन तास अर्धे रिकामे गेले. काकूंनी त्याचा फोटो टाकला, चाचांनी भाग उघडा म्हणून सांगितलं, आणि आम्ही रबर जरा आखूड केलं. बाकीचं शेत सरळ, भरगच्च उगवलं.

मग लोक दुकानात यायला लागले. मानोऱ्याच्या एका वेल्डरचा चाचांना फोन आला. त्याला तशीच झडप बनवायची होती. चाचा मला म्हणाले, "त्याले लिंक दे."

मी अडखळले. "इतके महिने आपण मेहनत केली, चाचा. असंच द्यायचं?"

"तिकडचे कास्तकार मायाकडं येनार नाईत. तठीच बनन तं बनू दे."

मी नाराजीनं लिंक पाठवली, पण त्याला नुसतं पाहता येईल एवढीच परवानगी ठेवली. चाचांनी ते ओळखलं. "नुसतं पाहून काय करन तो? त्याले बी लिहू दे. आपलं कापलेलं तं बंद हाय."

मी परवानगी बदलली आणि दिवसभर घरात येरझाऱ्या घातल्या. दर थोड्या वेळानं मोबाइल पाहत होते.

आठवड्यानं मानोऱ्याच्या माणसाची पहिली नोंद आली: बिजागरीची पिन उलट्या बाजूनं टाकली तर ती निसटणार नाही आणि झडप एका हातानं निघेल. मला आधी रागच आला. ओळख ना पाळख, आणि पहिल्याच नोंदीत माझ्या बिजागरीत खोट. मी ड्रॉइंग सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिलं. त्याचं बरोबर होतं.

चाचांना सांगायला मी दुकानाकडे निघाले. रस्त्यावरूनच ग्राइंडरचा आवाज येत होता. त्यांनी मोबाइल ऐरणीला टेकवून उभा ठेवला होता, आणि ते पिनचं दुसरं टोक घासत होते. मला पाहून त्यांनी ग्राइंडर बंद केला.

"मानोरावाला हुशार हाय," ते म्हणाले. "काकूले सांग, एक बार अजून पट्टी भिजवा म्हनाव."

मी तिथंच उभ्या उभ्या काकूंना फोन लावला.